कार्बोरंडमचा दाणा: वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

सिलिकॉन कार्बाइड, म्हणजे कारखान्यात आणि फरशीवाल्यांकडे ज्याला सरसकट ‘कार्बोरंडम’ म्हणतात, त्याच्या दाण्याबद्दल आणि त्यापासून बनलेल्या चाकांबद्दल आलेले काही प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न: आमच्याकडे बिडाच्या कास्टिंगचं फेटलिंग (ओतकामावरचा जादा धातू घासून काढणं) काळ्या सिलिकॉन कार्बाइडच्या चाकावर झकास होतं. आता स्टील कास्टिंगचं काम घेतलंय, तर तेच चाक दहा मिनिटांत गुळगुळीत होतं. ठिणग्या उडतात, पण माल निघत नाही. सिलिकॉन कार्बाइड ॲल्युमिनापेक्षा (ॲल्युमिनियम ऑक्साइडपेक्षा) कठीण असतं ना? मग चाकच खराब आलं का?
(फाउंड्रीचालक, शिरोली, जि. कोल्हापूर)

उत्तर: चाक चांगलं आहे, जोडी चुकली आहे. नूप मोजपट्टीवर सिलिकॉन कार्बाइडची कठिणता साधारण २५०० आणि ॲल्युमिनाची साधारण २१०० येते, त्यामुळे कठीण कोण याबद्दल वाद नाही. पण ही मोजणी थंड दाण्यावर होते. घासताना दाण्याच्या टोकाशी क्षणभर हजार अंशांच्या वर तापमान जातं आणि तिथे यंत्रकामाइतकंच रसायनही चालू होतं. तापलेलं लोखंड कार्बनचं भुकेलं असतं. ते सिलिकॉन कार्बाइडमधला कार्बन स्वतःत विरघळवून घेतं, उरलेल्या सिलिकॉनशी लोह सिलिसाइड बनवतं, आणि दाण्याचं टोक तुटण्याऐवजी विरघळून गोल होतं. गोल झालेला दाणा कापत नाही, नुसता घासतो. मग कामगार जोर वाढवतो, त्याने उष्णता वाढते, आणि दाणा आणखी लवकर गोल होतो.

राखाडी बिडात ३ ते ३.५ टक्के कार्बन आधीच असतो, बराचसा ग्राफाइटच्या पापुद्र्यांच्या रूपात, आणि सोबत दोनेक टक्के सिलिकॉन. या लोखंडाचं पोट भरलेलं असतं. शिवाय त्याची चिप, म्हणजे निघणारा कीस, भुगा होऊन लगेच सुटते, दाण्याला चिकटून राहत नाही. साध्या स्टील कास्टिंगमध्ये कार्बन ०.२ ते ०.३ टक्के, आणि चिप लांब व चिवट.

म्हणून स्टीलसाठी ॲल्युमिनियम ऑक्साइडचं चाक घ्या. जड फेटलिंग असेल तर झिर्कोनिया-ॲल्युमिना. चाकावरच्या खुणेत पहिलं अक्षर दाण्याचं असतं: ‘सी’ काळं सिलिकॉन कार्बाइड, ‘जीसी’ हिरवं, ‘ए’ साधं ॲल्युमिना, ‘डब्ल्यूए’ पांढरं. पुढचा आकडा दाण्याच्या आकाराचा, मग ग्रेडचं अक्षर, मग (दिला असेल तर) रचनेचा आकडा आणि शेवटी बॉण्ड, म्हणजे दाणे धरून ठेवणारा जोड. व्ही म्हणजे व्हिट्रिफाइड (भाजून काचेसारखा झालेला), बी म्हणजे रेझिन. पेडेस्टलवर बिडासाठी ‘सी २० आर बी’ आणि स्टीलसाठी ‘ए २४ क्यू बी’ अशा जवळपासच्या खुणेपासून सुरुवात करून पाहा.

ग्रेडबद्दल एक गैरसमज फार रुजलेला आहे. ‘हार्ड’ चाक म्हणजे कठीण दाण्याचं चाक, असं बरेच जण धरून चालतात. ग्रेड सांगतो तो बॉण्डची पकड. बोथट दाणा वेळेवर सुटून खालचा ताजा दाणा वर यावा एवढीच पकड हवी. कठीण मालावर दाणे लवकर बोथट होतात, तिथे ‘सॉफ्ट’ चाक. मऊ मालावर ‘हार्ड’. आणखी एक: तेच चाक झिजून लहान झालं की कडेचा वेग कमी होतो आणि ते आधीपेक्षा ‘सॉफ्ट’ वागू लागतं. शेवटी शेवटी चाक भराभर संपतं त्यात पुरवठादाराची लबाडी शोधू नका.

तुमच्याकडे एसजी आयर्नही (गोळीदार ग्राफाइटचं चिवट बीड) होत असेल तर त्याला बीड समजून काळं चाक लावू नका. त्यात ग्राफाइट गोळ्यांच्या रूपात असतं, धातू चिवट असतो आणि चिप स्टीलसारखी निघते. तिथे ॲल्युमिना किंवा मिश्र दाण्याचं चाक चालतं. दोन्ही कामं एकाच शेडमध्ये असतील तर स्टँड वेगळे ठेवा आणि गार्डवर मोठ्या अक्षरांत रंगवून टाका. रात्रपाळीत चाकांची अदलाबदल होतेच.

प्रश्न: लेथच्या ब्रेझ केलेल्या (दांड्यावर झाळून टिप बसवलेल्या) कार्बाइड टूलला हिरव्या चाकावर धार लावतो. तापलं की पाण्यात बुडवतो. अलीकडे टिपवर केसासारख्या रेषा दिसतात आणि पहिल्याच कटाला कोपरा उडतो. चाकाचा दोष असेल का?
(टर्नर, भोसरी)

उत्तर: दोष बुडवण्याचा आहे. हाय स्पीड स्टीलच्या टूलला ती सवय चालून जाते, कार्बाइडला चालत नाही. टंगस्टन कार्बाइड ठिसूळ. वरचा थर एकदम आकसला आणि आतला गरमच राहिला की तडा जातो. त्यात खाली ब्रेझ केलेला स्टीलचा दांडा कार्बाइडच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतो, म्हणजे टिपवर ताण आधीच असतो. एकतर पहिल्यापासून भरपूर कूलंटची धार सोडा, नाहीतर पूर्ण कोरडं काम करा आणि टूल हवेत निवू द्या. अधूनमधून थेंब टाकणं सगळ्यात वाईट.

क्रम असा ठेवा. आधी दांड्याचं स्टील ॲल्युमिनाच्या चाकावर काढा, आणि क्लिअरन्स कोन (धारेखालचा मोकळा उतार) टिपपेक्षा दोनेक अंश जास्त ठेवा, म्हणजे हिरव्या चाकाला स्टील लागणारच नाही. स्टील लागलं की वरच्या उत्तरातली तीच गोष्ट घडते: दाणे गोल, चाक चकचकीत, टिप गरम. नंतर टिपला ‘जीसी ६० के व्ही’च्या आसपासचं चाक रफ कामाला आणि ‘जीसी १२०’ फिनिशला. चाक धारेकडून दांड्याकडे फिरलं पाहिजे, म्हणजे टिप बैठकीवर दाबली जाते. उलट फिरलं तर ती उचकटते. टूल चाकाच्या रुंदीभर सतत सरकवत राहा, एका जागी टेकवून ठेवू नका, आणि दाब हलका.

हिरवा दाणा काळ्यापेक्षा शुद्ध आणि जास्त ठिसूळ असतो. इथे तो ठिसूळपणाच कामाचा, कारण दाणा फुटून नवी धार येते. तरी कार्बाइडवर हिरवं चाक कापण्यापेक्षा फुटतच जास्त असतं, त्यामुळे धार भिंगातून करवतीसारखी दिसते. दहापट भिंग जवळ ठेवा. फिनिशिंगला शेवटचा हात डायमंड चाकाचा द्यावा, पण तिथेही स्टील लावू नका. हिरासुद्धा कार्बनच आहे, आणि तापलेलं लोखंड तोही खातं. डायमंड चाक भरलं तर ते उघडायला मात्र सिलिकॉन कार्बाइडची कांडी चालते.

धुळीचं गांभीर्याने घ्या. तिच्यात कोबाल्ट असतो आणि त्याने फुप्फुसांचा कायमचा आजार होतो. चाकाजवळच सक्शन हवं. समोरचा फॅन धूळ फक्त शेजारच्या मशिनवाल्याकडे पाठवतो.

प्रश्न: पंपाच्या मेकॅनिकल सीलचे फेस (एकमेकांवर टेकणारे सपाट पृष्ठभाग) बारीक पावडरीने घासून लॅप करतो. पॉलिश पेपर ४०० नंबरचा वापरतो म्हणून पावडरही ४०० मागवली, तर ती पेपरपेक्षा खूपच बारीक निघाली. भेसळ आहे का?
(पंप दुरुस्ती वर्कशॉप, सांगली)

उत्तर: भेसळ नाही, मोजपट्ट्या वेगळ्या आहेत. कागदावरच्या दाण्याचा युरोपियन क्रमांक ‘पी’ने सुरू होतो आणि चाकांच्या व सुट्या दाण्याचा ‘एफ’ने. पी ४०० चा सरासरी दाणा ३५ मायक्रॉन, एफ ४०० चा १७.३ मायक्रॉन, जवळजवळ निम्मा. जपानी मापाने ४०० मागवली असती तर ३० मायक्रॉनच्या आसपासची आली असती. खडबडीत क्रमांकांत हा फरक थोडा असतो, २२० च्या पुढे वाढत जातो. ऑर्डर देताना क्रमांकासोबत मायक्रॉन लिहायची सवय लावा, वाद संपतो. तुमच्या पी ४०० च्या जोडीचा सुटा दाणा हवा असेल तर एफ २८० (३६.५ मायक्रॉन) मागवा.

सीलसाठी सहसा एफ ४०० ने सुरुवात, मग एफ ६०० (९.३), आणि शेवट एफ १००० (४.५) वर, कार्बनच्या फेसला एवढंही लागत नाही. बिडाची प्लेट, दाट ताकाइतपत तेलमिश्रण, आणि हात आठच्या आकड्यात. प्रत्येक क्रमांकाला वेगळी प्लेट, वेगळा ब्रश, वेगळी बाटली. बदलताना केरोसीनमध्ये धुऊन हात साबणाने धुवा, नखांतूनसुद्धा. एफ १००० मध्ये एफ ४०० चा एक दाणा पुरे, तासाभराचं काम ओरखड्यात जातं. सपाटपणा ऑप्टिकल फ्लॅटने (अगदी सपाट काचेच्या चकतीने) हेलियमच्या प्रकाशात तपासा. तिच्याखाली दिसणारी एक पट्टी म्हणजे ०.२९ मायक्रॉनचा फरक.

पितळ, ब्राँझ किंवा बेअरिंगच्या पांढऱ्या धातूवर सिलिकॉन कार्बाइडचा दाणा घेऊ नका. तो मऊ धातूत रुतून बसतो, धुऊन निघत नाही, आणि नंतर शाफ्टला रोज थोडा थोडा कापत राहतो. मशिन चालूच राहतं, म्हणून दोष कुठे आहे ते महिनोन्‌महिने कळत नाही.

प्रश्न: २०० मिमी बेंच ग्राइंडरवर २५० मिमीचं चाक बसतं. गार्ड काढून लावलं तर चालेल का?
(फॅब्रिकेशन शॉप, सातपूर, नाशिक)

उत्तर: नाही. गार्ड काढावा लागतो, इथेच प्रश्न संपायला हवा, पण हिशेबही पाहा. ५० हर्ट्झवर दोन पोलची मोटर साधारण २८५० फेरे घेते. २०० मिमी चाकाच्या कडेचा वेग होतो सेकंदाला २९.८ मीटर. तोच २५० मिमीला होतो ३७.३ मीटर. अशा व्हिट्रिफाइड चाकावर बहुतेक वेळा कमाल ३३ मीटर लिहिलेलं असतं. चाक फाडणारा ताण वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे इथे दीडपटीहून जास्त. असं चाक सुरू करताच फुटेल असं नाही. ते कधीतरी, कुणीतरी समोर उभं असताना फुटेल. कारखाना अधिनियम १९४८ च्या कलम ३० ने ग्राइंडिंग चालते त्या खोलीत प्रत्येक मशिनजवळ चाकाच्या सुरक्षित वेगाची सूचना लावणं बंधनकारक केलं होतं. ती तुमच्याकडे आहे का ते आधी बघा.

योग्य मापाचं चाक बसवतानाही वाजवून घ्या. कोरडं चाक बोटावर अडकवून, उभ्या मध्यरेषेपासून ४५ अंशांवर, कडेपासून २५ ते ५० मिमी आत, स्क्रूड्रायव्हरच्या लाकडी मुठीने हलकेच टकटक करा. मग चाक फिरवून पुन्हा. व्हिट्रिफाइड चाक खणखणीत वाजलं पाहिजे, फुटक्या मडक्यासारखं बद्द वाजलं तर तिथेच तोडून टाका, भंगारात अख्खं टाकू नका. रेझिनचं चाक मुळातच कमी खणखणतं, त्याला हा निकष तसाच लावू नका. भोक शाफ्टवर सहज सरकलं पाहिजे. ठोकून बसवलेलं चाक फुटायला निघालेलं असतं. दोन्ही फ्लँज सारख्या मापाचे, चाकाच्या किमान एक तृतीयांश व्यासाचे, आणि चाक व फ्लँजच्या मध्ये कागदी ब्लॉटर (चकती). नट पुरेसा कसा, पाइप लावून नाही. सुरू करून बाजूला उभं राहून एक मिनिट मोकळं फिरवा. टूल रेस्ट चाकापासून ३ मिमीच्या आत, वरची जीभ ६ मिमीच्या आत, आणि चाक झिजेल तसं दोन्ही पुढे सरकवत राहा. या फटीत जॉब ओढला जाऊन होणारे अपघात टाळायला एवढा एक स्पॅनर पुरतो.

प्रश्न: ॲल्युमिनियमच्या कास्टिंगवर चाक लगेच चंदेरी होऊन बंद पडतं. उपाय?
(चाकण)

उत्तर: चाक भरतंय. काळं सिलिकॉन कार्बाइड, जाड दाणा (१६ ते २४), मोकळ्या रचनेचं चाक घ्या आणि चाकावर अधूनमधून ग्राइंडिंगची मेणकांडी टेकवा. भरलेलं चाक ड्रेस करूनच (वरचा थर खरवडून) वापरा, दाबून नव्हे. लोखंड घासायच्या मशिनवर ॲल्युमिनियम कधीही घासू नका: लोखंडाच्या गंजाची पूड आणि ॲल्युमिनियमची पूड एकत्र साचली आणि ठिणगी पडली तर थर्माइटची आग लागते, आणि तिच्यावर पाणी मारलं तर ती भडकते. ओल्या धूळ-संकलकात ॲल्युमिनियमचा गाळ हायड्रोजन सोडतो, तेव्हा तो रोज काढा आणि टाकीला वारा मोकळा ठेवा.

प्रश्न: आमच्या जुन्या इमारतीतली मोझॅकची फरशी काळवंडली आहे. मिस्त्री म्हणतो, एकाच दगडाने घासून ॲसिड मारून चमकवून देतो. योग्य आहे का? खोली ३०० चौरस फुटांची आहे.
(गृहिणी, दादर)

उत्तर: ॲसिड कुठलं, ते आधी विचारा. बाथरूमचं ॲसिड असेल तर नको. मोझॅकमधले खडे संगमरवराचे असतात आणि त्या ॲसिडने संगमरवर आणि सिमेंट दोन्ही जळतात. फरशी आज उजळते आणि महिन्याभरात आधीपेक्षा लवकर मळते. फरशीवाले वापरतात ती ऑक्झॅलिक ॲसिडची पूड. सरकारी बांधकामाच्या विनिर्देशांत तिचं प्रमाण चौरस मीटरला ३३ ग्रॅम आहे, म्हणजे तुमच्या २८ चौरस मीटरला किलोभराहून थोडी कमी. ती विषारी आहे, हातमोजे हवेत आणि मुलं दूर.

आणि एका दगडाने पॉलिश होत नाही. नव्या मोझॅकला मशिनच्या कार्बोरंडम बट्ट्यांचा क्रम ६० पासून सुरू होऊन ३२० पर्यंत जातो. तुमची फरशी जुनी आणि सपाट असेल तर ६० लावू देऊ नका, विनाकारण जाडी जाते. कडा वरखाली असतील तरच तो. १२० ने सुरुवात करून वरची काळी पापुद्री काढायची, धुऊन बारीक छिद्रं त्याच रंगाच्या सिमेंटच्या लापशीने भरायची, ती काही दिवस ओली ठेवून मुरू द्यायची, मग पुन्हा १२०, नंतर २२० आणि ३२०. प्रत्येक बट्टीचं काम मागच्या बट्टीचे ओरखडे काढणं. १२० वरून थेट ३२० वर उडी मारली तर ते ओरखडे राहतात आणि संध्याकाळच्या तिरप्या उजेडात गोल गोल दिसतात. मिस्त्रीला प्रत्येक टप्प्यानंतर फरशी धुऊन, सुकवून दाखवायला सांगा. ओल्या फरशीवर सगळंच चमकतं.

निघालेला राखाडी गाळ मोरीत सोडू देऊ नका. तो सिमेंटसारखा बसतो आणि खालच्या मजल्यापर्यंत पाइप तुंबतो. बादलीत भरून बाहेर.

प्रश्न: गेल्या पावसाळ्याआधी आणलेल्या दगड कापायच्या डिस्क गोदामात राहिल्या, खोकं ओलं झालं होतं. आता सुकल्या आहेत. वापरू का?
(ठेकेदार, रत्नागिरी)

उत्तर: टाकून द्या. या डिस्क रेझिन बॉण्डच्या असतात आणि ओल्याने रेझिनची पकड जाते. नंतर सुकवून ती परत येत नाही. १०० मिमीची डिस्क ८० मीटर वेगासाठी बनलेली म्हणजे मिनिटाला १५,३०० फेऱ्यांपर्यंत फिरते, तिथे धोका पत्करण्यासारखी तिची किंमत नाही. न भिजलेल्या डिस्कवरही मधल्या धातूच्या कड्यावरची मुदत बघा, ती साधारण उत्पादनापासून तीन वर्षांची असते. कोकणात त्या बंद डब्यात, आडव्या, जमिनीपासून वर ठेवा. कापायच्या डिस्कच्या बाजूने घासू नका. दगड-काँक्रीट कापताना पाणी सोडा आणि किमान एन-९५ मास्क लावा. धोका डिस्कच्या दाण्यापेक्षा दगडातल्या क्वार्ट्झच्या धुळीचा आहे, सिलिकोसिस तिच्याने होतो.

प्रश्न: सिलिकॉन कार्बाइड खाणीत सापडतं की बनवतात? काही तुकडे इंद्रधनुष्यासारखे का दिसतात?
(अभियांत्रिकी पदविकेचा विद्यार्थी, नागपूर)

उत्तर: निसर्गात ते इतकं विरळ आहे की वापरातला प्रत्येक दाणा भट्टीतला असतो. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या मोनोंगहेला गावी १८९१ साली एडवर्ड अचेसन माती आणि कोक विजेने तापवत होता. कार्बनच्या कांडीवर चमकदार स्फटिक दिसले, ते काच कापत होते. तो कार्बन आणि कोरंडम (ॲल्युमिनाचं खनिज) यांचा संयोग असावा असं वाटून त्याने नाव दिलं ‘कार्बोरंडम’. तो अंदाज चुकीचा होता, नाव मात्र टिकलं. १८९३ मध्ये पेटंट मिळालं. पहिले ग्राहक होते हिऱ्याच्या पुडीऐवजी हे वापरणारे रत्नांना पैलू पाडणारे. १८९५ मध्ये कारखाना नायगारा धबधब्याजवळ गेला, कारण या धंद्यात कच्च्या मालापेक्षा वीज महाग. आजही किलोमागे ६ ते १२ युनिट लागतात.

भट्टीची पद्धत अजून मुळात तीच आहे. मध्ये ग्राफाइटचा गाभा, भोवती शुभ्र वाळू आणि पेट्रोलियम कोकचा ढीग, गाभ्यातून दीड-दोन दिवस वीज. गाभ्याजवळ तापमान दोन हजार अंशांच्या वर जातं. हिशेब सरळ आहे: ६० किलो वाळू आणि ३६ किलो कार्बनमधून ४० किलो सिलिकॉन कार्बाइड मिळतं आणि तब्बल ५६ किलो कार्बन मोनॉक्साइड बाहेर पडतो. तो वायू सुटायला ढीग सच्छिद्र राहावा म्हणून पूर्वी लाकडाचा भुसा घालत आणि लोखंडासारखी अशुद्धी क्लोराइड होऊन उडून जावी म्हणून मीठ. भट्टी निवायलाच कित्येक दिवस जातात. मग फोडून गाभ्यालगतचे चांगले स्फटिक वेगळे काढतात. बाहेरचा अर्धवट थर पुढच्या भट्टीत जातो. नंतर भरडणं, चुंबकाने लोखंड काढणं, आम्ल-अल्कलीने धुणं आणि चाळणं. २२० च्या पुढचा बारीक दाणा चाळणीने वेगळा होत नाही, तो पाण्यात बसण्याच्या वेगावरून वेगळा करतात.

अगदी शुद्ध सिलिकॉन कार्बाइड जवळजवळ रंगहीन. हिरवा रंग नायट्रोजनमुळे, काळा ॲल्युमिनियममुळे. इंद्रधनुषी झाक हा मूळ रंग नव्हे. स्फटिकावर सिलिकाचा अतिपातळ थर चढतो आणि पाण्यावरच्या तेलाच्या तवंगासारखे रंग दिसतात. आपल्याकडे उरणजवळच्या मोरा इथे ग्राइंडवेल कंपनीने १९४१ पासून ग्राइंडिंग चाकं बनवायला घेतली. तुमच्या संस्थेच्या वर्कशॉपमध्ये एखादं झिजलेलं हिरवं चाक असेल तर त्याचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवा: दाणे, त्यांना धरणारे बॉण्डचे पूल आणि मधली रिकामी भोकं तिन्ही वेगळी दिसतील. त्या भोकांत चिप मावते, म्हणून खुणेत रचनेचा आकडा असतो.